तान्ह्या बाळाचें दूध : बोंडलें कीं बाटली?

घरांत बाळ यावयाचें ठरलें कीं पाळणा, कुंची, दुपटीं, वाळे यांचा विचार महिना महिना आधीं सुरू होतो. नांवांची तर भली मोठी यादी होते आणि तींतील प्रत्येक नांवावर घरांतील वडीलधाऱ्यांचा वाद होतो. परंतु ज्या भांड्यांतून त्या बाळाच्या पोटांत दूध जावयाचें, तें भांडें मात्र पुष्कळदां कोणी तरी बाजारांतून येतां येतां, हातास लागेल तें घेऊन येतो. शाल घेतांना तिचा पोत उन्हांत धरून पाहणारे आम्ही गृहस्थ दुधाची बाटली घेतांना तिचा रंग आणि तिच्यावरचें सशाचें चित्र पाहून मोकळे होतों. या बेपर्वाईचें फळ आमच्या घरानें एकदां चाखलें आहे; म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहों. आम्ही वैद्य नव्हों. आमचा जन्म मुलांना शब्द चालविण्यास शिकविण्यांत गेला. येथें जें सांगावयाचें तें आजच्या वैद्यकानें मान्य केलेलें आहे, आणि पोळलेल्या हातानें लिहिलेलें आहे, एवढाच त्याचा अधिकार.

सर्वांआधीं एक गोष्ट निःसंदिग्धपणें सांगितली पाहिजे. माता निरोगी असेल आणि बाळ निरोगी असेल तर बाटलीचा प्रश्नच उत्पन्न होत नाहीं. जन्मल्यापासून तासाभराच्या आंत बाळास अंगावर घ्यावें. पहिले दोन-तीन दिवस येणारा दाट, पिंवळसर चीक कदापि पिळून टाकूं नये. आणि सहा महिने पुरे होईपर्यंत, वैद्यानें दिलेलें औषध सोडल्यास, आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबहि देऊं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. आईच्या दुधांत शेंकडा ८७ भाग पाणीच असतें. तेव्हां वैशाखाच्या उन्हांतहि बाळाची तहान त्या दुधानेंच भागते. आणि काय आश्चर्य पाहा! गाय व्याली कीं तिच्या चिकाचा खरवस आम्ही मिटक्या मारीत खातों. परंतु आपल्याच लेकराच्या वाट्याचा, रोगांशीं झगडण्याचें बळ देणारा चीक 'जड पडेल' म्हणून टाकून देणारीं सुशिक्षित घरें आजहि भेटतात.

तरी पण प्रसंग सांगून येत नाहींत. माता गंभीर आजारी पडते, बाळ अपुऱ्या दिवसांचें जन्मतें व त्यास अंगावर ओढण्याची शक्ति नसते, क्वचित् मातेचाच वियोग होतो. शिवाय आज अनेक घरांच्या लेकी-सुना नोकरी करतात. २०१७ सालच्या दुरुस्तीनें बाळंतपणाची रजा पहिल्या दोन अपत्यांच्या वेळीं २६ आठवड्यांची झाली, हें ठीकच झालें. परंतु पुष्कळ जणींस एवढी रजा मिळत नाहीं, आणि सहा महिन्यांनंतरहि आईच्या दुधाची गरज संपत नाहीं. रायगडाचे दरवाजे बंद झाले असतां तान्ह्यासाठीं कडा उतरून जाणाऱ्या हिरकणीची कथा आपण मुलांना सांगतों; तिच्या नांवानें एस. टी. च्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठीं कक्षहि झाले. पण रोज कडा उतरणें सर्वांस साधत नाहीं. अशा वेळीं बाहेरून दूध पाजणें भाग पडतें, आणि मग कोणतें दूध व कोणत्या भांड्यानें, हे दोन प्रश्न उभे राहतात.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आमच्या पूर्वजांनीं मोठ्या व्यवस्थेनें दिलें आहे. सुश्रुत आणि वाग्भट या दोघांचाहि क्रम असा, कीं प्रथम मातेचें दूध. तें नसेल तर पारखून निवडलेल्या धात्रीचें. आणि तेंहि नसेल तरच शेळीचें किंवा गाईचें. म्हणजे मनुष्याच्या बाळास होतां होईल तों मनुष्याचेंच दूध मिळावें, हें तत्त्व. आजचें वैद्यक हीच पायरी थोड्या फरकानें सांगतें. पहिलें, मातेनें स्वच्छ हातानें काढून ठेविलेलें दूध. दुसरें, दुग्धपेढींतील अन्य मातांचें तपासून व तापवून निर्जंतुक केलेलें दूध. आणि तिसरें, बाळासाठीं तयार केलेली दुधाची भुकटी. अशी दुग्धपेढी आशिया खंडांत प्रथम निघाली ती आपल्या मुंबईंत, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत, १९८९ सालीं, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें. प्राचीनांची धात्री जणूं पेढीच्या रूपानें परत आली! एका बाबतींत मात्र प्राचीनांचा शब्द आज थोडा बाजूस ठेवावा लागतो. गाईच्या दुधांत लोह फार थोडें, आणि प्रथिनें व क्षार तान्ह्याच्या कोवळ्या मूत्रपिंडांस झेपणार नाहींत इतके. यास्तव वर्षाच्या आंतील बाळाचें मुख्य दूध म्हणून तें देऊं नये, असें आजचे बालवैद्य सांगतात. सुश्रुताच्या काळीं दुसरा उपाय नव्हता, आज आहे.

आतां भांड्याकडे वळूं. आमच्या लहानपणीं घरोघरीं बोंडलें असे. चांदीचें, नाहीं तर पितळेचें, निमुळत्या चोंचीचें. त्याचें गोत्र फार जुनें आहे. जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत मुलांच्या थडग्यांत चोंचीचीं लहान मातीचीं भांडीं सांपडलीं. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वींचीं तीं भांडीं तपासतां त्यांत जनावरांच्या दुधाचे अंश आढळले, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे जगाच्या पाठीवर आजीबाईंची बुद्धि सारखीच चालत आली म्हणावयाची. बाटली मात्र त्या मानानें कालची. रबराच्या बोंडीचा पहिला अमेरिकन हक्कदाखला १८४५ सालचा. पुढें विलायतेंत कांचेच्या बाटलीस लांब रबरी नळी जोडण्याची टूम निघाली. बाळानें पाळण्यांत पडल्या पडल्या आपलें आपण दूध ओढावें आणि आईनें आपलें काम करावें, ही सोय लोकांस फार आवडली. परंतु त्या नळीच्या आंतून कुंचा फिरत नसे. आंत दूध नासे, जंतु माजत, आणि बाळें अतिसारानें दगावत. तिकडील डॉक्टरांनीं त्या बाटलीस 'खुनी बाटली' असेंच नांव दिलें. तरी ती वर्षानुवर्षें खपत राहिली. फ्रान्सनें शेवटीं १९१० सालीं कायदा करून नळीच्या बाटल्यांची विक्री बंद केली.

या इतिहासांत सर्व निवडीचें सूत्र आहे, तें वाचकांनीं गांठीस बांधावें : ज्या भांड्याचा कोपरा न् कोपरा डोळ्यांस दिसतो आणि हातास लागतो, तेंच भांडें बाळाचें. ज्याच्या आंत काय आहे तें दिसत नाहीं, तें कितीहि सोयीचें आणि सुरेख असलें तरी बाळाचें नव्हे.

या कसोटीवर पाहतां थोड्या दिवसांपुरतें किंवा दिवसांतून एक-दोन वेळां दूध पाजावयाचें असेल, तर बाटली आणूंच नये; वाटी-चमचा किंवा बोंडलें पुरे. उघडें असल्यामुळें तें घासतां येतें, उकळतां येतें. आणि अंगावर पिणाऱ्या बाळास रबराच्या बोंडीची संवय लागून आईस नाकारण्याचा धोकाहि टळतो. तामिळ देशांत यालाच पालाडै म्हणतात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीं इस्पितळांतूनहि तें वापरतात. मात्र बोंडलें चांदीचें किंवा चांगल्या पोलादाचें असावें. जुनें, कल्हई उडालेलें पितळेचें नसावें. चोंच उघडी, पन्हळीसारखी असावी. बंद नळीची चोंच म्हणजे तीच विलायती नळी, धाकट्या रूपानें. पाजतांना बाळास अर्धवट बसतें धरावें, चोंच खालच्या ओंठास टेंकवावी, आणि बाळ जिभेनें ओढील तसें दूध पुढें येऊं द्यावें. घशांत ओतूं नये. ओतल्यास दूध श्वासनलिकेंत जातें.

परंतु प्रत्येक पाजणें बाहेरच्या दुधाचेंच असेल, तर रात्रंदिवस बोंडल्यानें पाजणें सर्वांस साधत नाहीं, आणि बाटली घ्यावी लागते. ती घेतांना पुढील गोष्टी पाहाव्या. तोंड रुंद असावें, म्हणजे कुंचा तळापर्यंत पोंचेल. घाट सरळ असावा. कमरेंत आंवळलेल्या किंवा कानांच्या बाटल्या दिसण्यास गोड, पण त्यांचे कोपरे धुतले जात नाहींत. सुटे भाग जितके थोडे तितकें बरें. पोटांत वारा जाऊं नये म्हणून आंत नळ्या व झडपा बसविलेल्या बाटल्या मिळतात, पण प्रत्येक झडप म्हणजे धुण्याचें एक काम वाढलें, हें विसरूं नये. मापाच्या रेघा स्पष्ट असाव्या. प्रारंभीं १२५ मिलिलिटरची लहान बाटली पुरते. मोठी घेतली कीं ती भरण्याचा मोह होतो आणि बाळास बळेंच पाजलें जातें.

द्रव्याविषयीं म्हणाल तर तीन प्रकार. उष्णता सोसणारी कांच सर्वांत स्वच्छ. तिच्यावर चरे पडत नाहींत, वास राहत नाहीं, आंतलें सारें दिसतें. दोष एवढाच कीं जड असते आणि फुटते; टवका उडालेली बाटली त्याच क्षणीं टाकावी. पोलादाची बाटली फुटत नाहीं, पण आंत किती दूध आहे व भांडें निघालें कीं नाहीं, हें दिसत नाहीं. प्लॅस्टिकची हलकी व स्वस्त. परंतु तिच्यावर चरे पडतात आणि चऱ्यांत जंतु घर करतात. पूर्वीं पॉलिकार्बोनेट नांवाच्या कठिण, कांचेसारख्या प्लॅस्टिकच्या बाटल्या होत. त्यांतून बिस्फेनॉल-ए हें द्रव्य दुधांत उतरण्याचें भय असल्यामुळें आपल्याकडे २०१५ च्या प्रमाणकानें त्या बाद ठरविल्या. आज मिळतात त्या बहुशः पॉलिप्रॉपिलीनच्या. त्यांत कढत पाणी घालून हालविल्यास प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण मोठ्या संख्येनें सुटतात, असें २०२० सालीं डब्लिन येथील संशोधकांनीं दाखविलें. म्हणून प्लॅस्टिकचीच बाटली असेल तर दूध पोलादाच्या किंवा कांचेच्या भांड्यांत कालवावें आणि निवाल्यावर बाटलींत ओतावें. आमचें मत विचाराल तर घरीं कांच, आणि प्रवासांतहि शक्यतों वाटी-चमचा.

बोंडी रबराची किंवा सिलिकोनची असते. सिलिकोनची अधिक टिकते. नवजातासाठीं सर्वांत मंद धारेची घ्यावी. बाटली उपडी धरली असतां थेंब थेंब पडावा; धार लागूं नये. 'बाळास ओढावत नाहीं' म्हणून तापलेल्या सुईनें भोंक मोठें करणाऱ्या आजीबाई आम्हीं पाहिल्या आहेत. त्यानें बाळ गुदमरतें. बोंडी चिकट झाली, फुगली किंवा तिला चीर गेली कीं बदलावी.

दुकानदाराच्या शब्दावर विसंबूं नये. १९९२ सालीं आपल्या देशानें एक उत्तम कायदा केला. २००३ सालीं तो अधिक कडक झाला. बाळाच्या दुधाची भुकटी आणि दूध पाजण्याच्या बाटल्या यांची जाहिरात करणें, फुकट नमुने वांटणें, डॉक्टरांस देणग्या देणें, हें त्या कायद्यानें गुन्हा ठरविलें. भुकटीच्या डब्यावर मातेचें किंवा बाळाचें चित्रहि छापतां येत नाहीं, आणि मातेचेंच दूध उत्तम हें मात्र छापावें लागतें. श्रीमंत कंपन्यांनीं गरीब देशांतील मातांस भुकटीच्या नादीं लावलें, मातांनीं ती अशुद्ध पाण्यांत पातळ करून पाजली आणि बाळें मेलीं. यावरून १९७० नंतरच्या दशकांत जगभर आरडाओरड झाली, आणि १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेंत आंतरराष्ट्रीय संहिता संमत झाली. तिच्यांतून हा आमचा कायदा निघाला. प्लॅस्टिकच्या बाटलीवर भारतीय मानक संस्थेचें चिन्ह व 'आय. एस. १४६२५' हा आंकडा असल्यावांचून ती घेऊं नये. आमच्या गल्लींतील एका दुकानदारानें आम्हांस चिन्ह नसलेली बाटली 'विलायती आहे, चिन्ह कशाला हवें' म्हणून दिली, आणि आम्हीं, सारा जन्म मुलांस शंका विचारण्यास शिकविणाऱ्यांनीं, ती शंका न विचारतां आणली.

येथें आमच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. आमचा नातू तीन महिन्यांचा असतां सूनबाईस डेंग्यूचा ताप आला आणि तिला अतिदक्षता विभागांत ठेवावें लागलें. घरीं बाळ, आमची पत्नी, आणि आमच्या वडील भगिनी आक्का. आक्कांनीं माळ्यावरून चांदीचें बोंडलें काढून घासून ठेविलें. आम्ही म्हणालों, "आक्का, आतां हें कोण वापरतें? बाटली आणली आहे." आक्का एवढेंच म्हणाल्या, "अरे, तूं ह्यावरच वाढलास." बाटली दर वेळीं पाण्यानें विसळली जाई, उकळणें दिवसांतून एकदां, तेंहि आठवण झाली तर. रात्रींची पाळी आमची होती. एके रात्रीं दहा वाजतां बाळानें अर्धें दूध ठेविलें. अन्न टाकूं नये, हा पाठ आम्हीं तीस-पस्तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतला आहे. तें दूध ओतून देण्यास हात धजेना. दोन वाजतां बाळ उठलें तेव्हां तेंच कोमट करून पाजलें. दुसऱ्या दिवशीं दुपारपासून पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत नऊ झाले. टाळू खोल गेली, तोंड कोरडें पडलें, रडतांना डोळ्यांत पाणी येईना, लंगोट कोरडा राहूं लागला. आई एका इस्पितळांत आणि लेकरूं दुसऱ्या, अशी ती रात्र आमच्या घरावर आली. मीठ-साखरेच्या पाण्यानें आणि शिरेंतून दिलेल्या द्रवानें बाळ तिसऱ्या दिवशीं हंसलें; ईश्वराची कृपा. बालवैद्यांनीं सर्व वृत्त विचारलें आणि शांतपणें म्हणाले, "उष्टें दूध चार तास ठेवून पाजलेंत, तेंच नडलें असावें." आम्हांस कोणी बोललें नाहीं. सूनबाई घरीं आल्यावर आम्हींच तिला सारें सांगितलें. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "बाबा, कसें धुवायचें तें कागदावर लिहून ओट्यापाशीं लावा, म्हणजे सगळ्यांना सारखें होईल." तो कागद असा :

प्रत्येक वेळीं आधीं हात साबणानें धुवावे. पाजून होतांच बाटली, बोंडी, झांकण सुटें करून थंड पाण्यानें विसळावें. मग गरम पाणी, साबण आणि फक्त बाळाचाच म्हणून ठेविलेला कुंचा यांनीं घासावें. बोंडी उलटी करून आंतून चोळावी. नंतर सर्व भाग पाण्यांत पूर्ण बुडवून, आंत हवेचा बुडबुडा न ठेवतां, पाण्यास उकळी आल्यापासून दहा मिनिटें उकळावे. चिमट्यानें काढावे. पदरानें किंवा फडक्यानें पुसूं नयेत, झांकून ठेवावे. न उकळलेलें भांडें बाळाच्या तोंडास लावूं नये.

भुकटी स्वतः निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून, अर्ध्या तासाच्या आंत, ७० अंशांहून कमी होण्यापूर्वीं तींत भुकटी कालवावी. आधीं पाणी मापावें, मग डब्यांतल्याच चमच्यानें सपाट मापानें भुकटी घालावी. काटकसरीनें पातळ केलें तर बाळ उपाशी राहतें. माया करून दाट केलें तर त्याच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. भांडें थंड पाण्यांत धरून निववावें आणि मनगटावर थेंब टाकून पाहावें. केलेलें दूध दोन तासांच्या आंत संपवावें. बाळाच्या तोंडास लागून उरलेलें तत्काळ ओतावें. आईनें काढून ठेविलेलें दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेंत चार तास आणि शीतपेटींत चार दिवस टिकतें. उन्हाळ्यांत आमच्या घरांची हवा त्याहून पुष्कळ तापते, तेव्हां तें शीतपेटींतच ठेवावें.

शेवटची ओळ आक्कांनीं सांगून लिहविली : बाळास मांडीवर घेऊनच पाजावें. बाटली उशीस टेंकवून बाळ एकटें ठेवूं नये. त्यानें ठसका लागतो, कानास व दांतांस बाधा होते, आणि आक्कांच्या शब्दांत सांगावयाचें तर, "पोट भरतें, पण लेकरूं भरत नाहीं." दुधांत साखर घालूं नये, वर्षाच्या आंत मध चाटवूं नये, कारण मधांतील एका जंतूच्या बीजांपासून तान्ह्यास घातक विकार होऊं शकतो, आणि गुटी उगाळून देण्याचा आग्रह वडीलधाऱ्यांनीं सोडून द्यावा. हें लिहितांना आक्कांच्या कपाळास आंठी पडली, परंतु त्यांनीं लिहूं दिलें, हें त्यांचें मोठेपण.

सूनबाईचें दूध आजारपणांत आटलें होतें. पण बालवैद्यांच्या सांगण्यावरून ती दर दोन तासांनीं बाळास अंगावर घेऊं लागली. मध्यंतरीं लागणारें वरचें दूध आक्का बोंडल्यानें पाजीत. तीन आठवड्यांनीं दूध पुन्हा पुरेसें आलें. ज्या मातांचें दूध असें तुटलें असेल, त्यांनीं निराश होऊं नये, हेंहि यावरून सांगावेंसें वाटतें. ती बिनचिन्हाची बाटली आम्हीं फेकून दिली. बोंडलें उकळून, कोरडें करून फडताळांत ठेविलें आहे.

एकत्र कुटुंबांत बाळास पाजणारे हात पुष्कळ असतात, हें त्याचें भाग्य. पण हात पुष्कळ म्हणून जबाबदारी कोणाचीच नाहीं, असें होऊं नये. ज्या घरांत आज-उद्यां पाळणा हालावयाचा असेल, त्यांनीं बारशाच्या यादींत एक ओळ वाढवावी : बाळाचें भांडें कोणतें, आणि तें उकळावयाचें कोणीं. हें आधीं ठरलें, तर आमच्यासारखी रात्र कोणाच्या घरीं येणार नाहीं.